एका कौलात दोन प्रश्न

मोबाईल मीच घरात आणला, आणि तोही काही चांगल्या हेतूने नव्हे.

आमचे हे, गोकुळदास, वीज खात्यात लाइनमन होते. तेहेतीस वर्षं पेडणे तालुक्यातल्या खांबांवर चढले, वादळवाऱ्यात तारा जोडल्या, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझ्या स्वयंपाकघरात ड्युटीवर हजर झाले. माशांच्या हुमणात सोलं किती घातलीस, गॅस एवढा मोठा कशाला, डाळींच्या डब्यांवर नावं का लिहिलेली नाहीत. मी अठ्ठावीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. चाळीस पोरं नुसत्या नजरेने गप्प बसवली. पण निवृत्त नवऱ्याला गप्प कसं बसवायचं हे डी.एड.ला शिकवत नाहीत. शेवटी एक दिवस म्हापशाला गेले, मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला आणि त्यांच्या हातात ठेवून म्हटलं, "हेच्यात सगळा जग आसा. बघा."

त्यांनी बघितलं. इतकं बघितलं की मान वर करायची आठवण राहिली नाही.

आमच्या ओसरीवर व्होल्तेर आहे, लांब हातांची जुनी आरामखुर्ची. तिच्यात रेलून, कोपर दुमडून, मोबाईल पोटावर टेकवून हे दिवसभर पडलेले असत. सकाळी उठल्या उठल्या सुप्रभात पाठवायचे. ओळखीच्या दोनशे चौदा माणसांना, एकेकाला वेगळं, उजव्या अंगठ्याने. सगळ्यांना एकदम पाठवता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही, कारण त्या दोनशे चौदा सुप्रभातांत माझी भाजी चिरून व्हायची आणि वर शांतपणे चहा प्यायला मिळायचा. सुप्रभात संपलं की पखवाजाचे व्हिडिओ. कुठकुठले पखवाजवाले हे बोटाने सरकवत बसायचे, एक संपला की दुसरा. मध्येच म्हणायचे, "हेची थाप बघ गो, काय गोड आसा." मी स्वयंपाकघरातून "व्हय" म्हणायचे आणि बघायला जायचे नाही.

पखवाज आमच्या घरचा. म्हणजे गावच्या रवळनाथाच्या देवळात सोमवारी संध्याकाळी भजन असतं, त्या भजनाला पखवाज आमच्या घरातल्याने वाजवायचा अशी रीत. आधी माझे सासरे रामचंद्र वाजवायचे, त्यांच्यानंतर हे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, तेव्हाच तो घुमतो. ती कणीक सोमवारी दुपारी मी मळून द्यायची. तीस वर्षांत माझा एकही सोमवार चुकला नाही, तापातलासुद्धा.

सासऱ्यांचं सांगायला हवं. त्रेसष्टाव्या वर्षी एक दिवस ते जेवताना म्हणाले, करंगळीक मुंग्या येतत. आम्ही हसलो. पंधरा दिवसांनी सकाळी उठायला गेले ते पडलेच. उजवी बाजू गेली. पुढची अकरा वर्षं ते आतल्या खोलीत खाटेवर होते. शाळेत जायच्या आधी मी त्यांना पुसून, भरवून जायचे, आल्यावर पुन्हा तेच. चांगला माणूस होता, कधी वाईट शब्द बोलला नाही. पण अकरा वर्षं ही अकरा वर्षंच असतात.

म्हणून माघ महिन्यात एकदा हे व्होल्तेरात बसल्या बसल्या हात झटकायला लागले तेव्हा मी हातातलं काम टाकून ओसरीवर आले.

"काय झाला?"

"काय नाय. करंगळीक मुंग्या येतत."

ह्यांचंही वय त्रेसष्टच. ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

मग एकेक सुरू झालं. अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, इतकं की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवेना. मान एका बाजूला वळेना. डोळ्यांतून पाणी. सकाळी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जड, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया. हे म्हणाले, जावया. असं जावया जावया करत महिना गेला. खांबावर अकरा हजार व्होल्टच्या तारेशेजारी उभा राहणारा माणूस डॉक्टरला घाबरत नव्हता. डॉक्टर काय सांगेल त्याला घाबरत होता. बरं, एवढं दुखत असताना मोबाईल सुटला म्हणाल तर तो मुळीच नाही. उलट मन लागेना म्हणून जास्तच बघू लागले.

एका सोमवारी भजन रंगात आलं असताना त्यांची थाप चुकली. एकदा चुकली, सावरली, पुन्हा चुकली. मी बायकांत बसले होते. उजवा हात पखवाजावर पडत होता, पण आवाज निघत नव्हता. गाणारा थांबला नाही, टाळ थांबले नाहीत, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आमचा पुतण्या रुद्रेश, मोपाच्या विमानतळावर कामाला आहे, तो शेजारीच बसला होता. त्याने पखवाज स्वतःकडे ओढून घेतला आणि पुढचा ठेका धरला. पोरगं शहाणं, त्याने मान खालीच ठेवली. हे उठून बाहेर जाऊन बसले.

घरी येताना म्हणाले, "आयतवारी कौल घेतंय."

आमच्याकडे डॉक्टर नंतर, देव आधी. कौल घ्यायचा म्हणजे देवाच्या मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या, दोन्ही बाजूंना. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगून प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्यावर अपील नाही. लग्नं, जमिनी, घराच्या पायाचे दगड, सगळं त्या पाकळ्यांवर ठरतं. मी मास्तरीण असले तरी त्यावर हसत नाही. हसणाऱ्यांनी एकदा तिथे उभं राहून बघावं, पाकळी हलत नसते तेव्हा आपला श्वासही हलत नाही.

त्या रविवारी देवळात गर्दी होती. एकाची म्हैस हरवली होती, एकाला मुलगी सांगून आली होती. महादेव गुरव सकाळपासून बोलून घसा बसवून बसला होता. आमची पाळी आली तेव्हा ह्यांनी त्याच्या कानात प्रश्न सांगितला आणि तो त्याने घाईघाईत जसाच्या तसा देवापुढे ठेवला.

"बा देवा रवळनाथा, ह्यो तुजो लेकरू गोकुळदास तुज्या पायाकडे उभो आसा. तेच्या उजव्या हातान तेका दगो दिल्यान. बापाशीचा दुखणा जर ह्या हातात इला असात, आणि तेना आता पखवाज खाली ठेवचो अशी तुजी मर्जी असात, तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले. मीही म्हणाले.

तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. उजवी पाकळी टपकन पडली.

ह्यांनी नमस्कार केला, सभामंडपात जाऊन पखवाजाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि रुद्रेशला म्हणाले, "आता तू." रुद्रेश रडकुंडीला आला. मी खांबाला धरून उभी होते. डोळ्यांपुढे आतल्या खोलीतली ती खाट येत होती.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला आजारपण म्हणावं की काय मला कळत नव्हतं. माणूस चालता बोलता होता, पण त्याने स्वतःला बसवून टाकलं होतं. जेवण डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, पाहुणा आल्यासारखा. बागेत जाणं बंद, बाजार बंद. फक्त मोबाईलपुरता तो हात उठायचा, कारण त्याला म्हणे ताकद लागत नाही. मी सोमवारी सवयीने कणीक मळली आणि मग आठवलं की ती आता रुद्रेशची आई मळणार. त्या कणकेच्या चपात्या केल्या. दोघांनाही त्या गेल्या नाहीत.

शेवटी मी खोटं बोलले. डिचोलीला माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, सिद्धी. पेडण्याचीच पोर, पहिली ते चौथी माझ्या वर्गात होती, लग्न करून डिचोलीला गेली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, बाजाराजवळच्या एका इमारतीत तिचा दवाखाना. ह्यांना सांगितलं, सिद्धीने नवीन जागा घेतली आहे, पूजेला बोलावलं आहे. म्हापशाला बस बदलून अस्नोड्यावरून डिचोलीला पोचेपर्यंत ह्यांनी मान वर केली नाही. गावं गेली, शेतं गेली, त्यांना कशाचा पत्ता नाही. दवाखान्याची पाटी वाचली तेव्हा माझ्याकडे बघितलं.

"पूजा खंय आसा?"

"आत. चला."

सिद्धीने आधी त्यांना त्याच इमारतीतल्या डॉक्टरकडे पाठवलं. "बाई, पहिली ती भीती जावंक व्हयी," म्हणाली. डॉक्टरने रक्तदाब बघितला, साखर बघितली, हसायला लावलं, डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले, सरळ रेषेत चालवलं आणि म्हणाले, अर्धांगाचं मला इथे काही दिसत नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. डॉक्टर काय, चांगला माणूस असतो, वाईट बातमी गोड करून सांगतो, असा तो चेहरा होता.

मग सिद्धी बसली समोर. माझ्या वर्गात पाढे म्हणताना जिची चड्डी घसरायची, ती आता माझ्या नवऱ्याची बोटं एकेक तपासत होती. अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवायला सांगितली. हे किंचाळले. कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली तर मुंग्या सरळ करंगळीत. मान फिरवून बघितली. मग म्हणाली, "काका, मोबाईल दाखवा."

त्यांना वाटलं फोटो काढायचा असेल. तिने आत कुठेतरी जाऊन एक पान उघडलं आणि ते मला दाखवलं. दिवसाला सरासरी नऊ तास बारा मिनिटं.

मी पुन्हा वाचलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी दिवसाला नऊ तास शिकवलं नाही. मुलं मेली असती.

"कसे बसतात काका? दाखवा," ती म्हणाली. त्यांनी खुर्चीत रेलून दाखवलं. कोपर पुरं दुमडलेलं, खुर्चीच्या हातावर टेकलेलं, करंगळी मोबाईलच्या खाली आधाराला, अंगठा वर, हनुवटी छातीला. सिद्धीने एक एक जागेला बोट लावत सांगितलं. कोपर असं तासन्‌तास दुमडून टेकवलं की तिथली शीर दबते, ती शीर करंगळीला जाते, म्हणून मुंग्या. अंगठ्याला दोनशे चौदा सुप्रभात आणि वर दिवसभर सरकवणं, म्हणून मुळाशी सूज. मान तशीच वाकून वाकून आखडलेली. डोळे मिटायला विसरतात म्हणून पाणी. "हात खंयच जाणा नाय काका. फक्त दमलो आसा."

माझ्या अंगातून काहीतरी उतरलं. सिद्धीने मला पाणी दिलं. इतकं बरं मला पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तिने अंगठ्याला बांधायला पट्टा दिला, मान आणि कोपराचे व्यायाम लिहून दिले. मोबाईल हातात धरायचा नाही, टेबलावर उभा ठेवायचा, डोळ्यांच्या रेषेत. दिवसाला एक तास, त्याच्यावर नाही. मध्ये मध्ये लांबच्या झाडाकडे बघायचं. कुणाला काही सांगायचं असलं तर फोन करायचा. आणि सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती.

"आणि पखवाज?" ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पखवाजान काय केला? सहा आठवडे ठेवा खाली, मग वाजवा."

परतीच्या बसमध्ये मी एवढी खुशीत होते की शेजारच्या बाईला उगीचच माझ्या पिशवीतली केळी दिली. हे मात्र खिडकीतून बाहेर बघत होते. कोलवाळच्या पुलावर म्हणाले, "सिद्धी बरी पोर. पण देवान उजवो दिल्यान, पद्मावती. तिका काय गाऱ्हाणा कळता?"

मला असा राग आला. नवऱ्याचा हात बरा होणारा आहे आणि त्याने दुखणं सोडायचंच नाही. पण रागाच्या भरातच मला सिद्धीचं बोलणं आठवलं. सहा आठवडे ठेवा खाली. आणि एकदम मला गाऱ्हाण्याचं वाक्य आठवलं, जसंच्या तसं, कारण मुलांची वाक्यं तपासून तपासून मला ती खोड लागली आहे. बापाशीचा दुखणा इला असात, आणि पखवाज खाली ठेवचो अशी मर्जी असात. ही दोन वाक्यं. हे दोन प्रश्न. देवाने होय म्हटलं ते कुठल्या प्रश्नाला?

घरी न जाता मी ह्यांना स्टॉपवरच सोडलं आणि सरळ महादेव गुरवाच्या घरी गेले. तो अंगणात नारळ सोलत होता. मी त्याला उभ्या उभ्या विचारलं, एका कौलाला किती प्रश्न?

"एकच. पिढ्यान्‌पिढ्या एकच."

"मग तू दोन कित्याक विचारलंस?"

त्याने नारळ खाली ठेवला. ओठांतल्या ओठांत गाऱ्हाणं पुन्हा म्हणून बघितलं आणि हात डोक्याला लावला. चाळीस वर्षं गाऱ्हाणी घालणारा माणूस, वर्गात गणित चुकलेल्या मुलासारखा झाला. "त्या दिसा म्हशीवाल्यान माजा डोक्या खाल्ल्यान होता, बाई," म्हणाला. "गोकुळदासान सांगितल्यान तसा मियां बोललंय."

"पखवाज खाली ठेव, ह्या देव बोललो ता बरोबरच होता," मी म्हटलं. "हाताक विश्रांती व्हयीच होती. त्या पहिल्या प्रश्नाचा काय?"

"तो रवलो."

घरी जाऊन ते सांगितल्यावर हे पहिल्यांदा ताठ बसले. देव चुकला असं कुणी म्हणत नव्हतं, सिद्धी देवापेक्षा शहाणी असंही कुणी म्हणत नव्हतं. प्रश्न राहिला होता, एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी पट्टा बांधला, व्यायाम केले, आणि तेही शाळेतल्या पी.टी.सारखे आकडे मोजून. सुप्रभात बंद झालं तेव्हा पहिल्या आठवड्यात एकोणीस जणांचे फोन आले, तब्येत बरी आहे ना म्हणून. ह्यांना फार बरं वाटलं. फोनवर ते लोकांशी खरंखुरं बोलू लागले. दुपारी मला डबे लावायला मदत करू लागले. मुंग्या हळूहळू विरळ झाल्या. पण हात कसा आहे विचारलं की म्हणायचे, "कौल होयसर काय विचारू नको." आणि जेवायचे मात्र डाव्याच हाताने.

सहा आठवडे भरल्यावर दुसरा कौल ठरला. बातमी गावात पसरली होती, त्यामुळे देऊळ भरलेलं. रुद्रेश रजा टाकून आला होता. महादेवाने पंखे बंद केले, पाकळ्या भिजवल्या आणि गाऱ्हाण्याला सुरुवात करायच्या आधी ह्यांच्याकडे वळला.

"गोकुळदासा, आता सगळा सांगूक व्हया. गेल्या टायमाक तू देवाक मोबायलाचा सांगूक नाय. अर्धा सांगितलंस तर देव अर्धाच बोलतलो. दिसाक किती येळ बघी होतंस?"

ह्यांनी खाली बघितलं. "नऊ तास."

मागे कुणीतरी हसलं.

"काय बघी होतंस?"

"पखवाज." मग म्हणाले, "दुसऱ्यांचो."

आता कुणी हसलं नाही.

"आनी?"

"आनी सुप्रभात धाडी होतंय. दोनशे चौदा जणांक."

महादेवालाही रोज सकाळी सात वाजता ते सुप्रभात यायचं, सूर्य आणि गुलाब असलेलं. मी आजूबाजूला बघितलं. निम्म्या देवळाला ते यायचं. माणसं एकमेकांची तोंडं चुकवू लागली, आपल्यामुळेच जणू ह्यांचा अंगठा गेला.

"मोबायल कोणी हाडलो?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. महादेवाने पुन्हा विचारलं. हे म्हणाले, "घरात होतो."

नवरा देवासमोर माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला ते सहन होईना. "मियां हाडलो," मी म्हटलं. आवाज शाळेत लावायचे तसा लागला, सगळ्यांना ऐकू गेलं. "हेंका गप बसवक. माका घरात शांतता व्हयी होती. मान दुखता, हात दुखता, सगळा बघी होतंय, तरी काढून घेवक नाय."

बायकांच्या बाजूने दोघीतिघींनी खाली बघितलं. त्यांच्याही घरात एकेक व्होल्तेर होता, मला माहीत आहे.

महादेवाने डोळे मिटले. ह्या वेळी त्याने एकही शब्द घाईने म्हटला नाही. "बा देवा रवळनाथा, गेल्या टायमाक आमी चुकलो. एका तोंडान दोन विचारला. आता एकच विचारतंव. ह्या हातातला दुखणा बापाशीचा न्हय, मोबायलाचा, असा जर खरा असात, तर उजवो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पाकळी पडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उजवी पाकळी बोटभर सरकली आणि थांबली. मग डावी सरकली, पण तीही थांबली. कुणी खोकेना. ह्यांची नजर मूर्तीवर होती, मान ताठ, हात जोडलेले, आणि ते तसे अर्धा तास उभे होते. गेल्या सहा महिन्यांत मी त्यांना इतका वेळ समोर बघताना पाहिलं नव्हतं. मी देवाला काही विचारत नव्हते. नुसतं दे, दे, दे म्हणत होते.

उजवी पाकळी पडली.

देवळात एकदम श्वास सुटल्याचा आवाज झाला. महादेवाचे डोळे भरले. त्याने ती पाकळी उचलून ह्यांच्या ओंजळीत ठेवली आणि विचारलं, "आता पखवाजाचा विचारूया? धरूचो काय नाय?"

ह्यांनी पाकळी कपाळाला लावली. मग म्हणाले, "नको. ता मी माज्या हाताकच विचारतंय."

सभामंडपात जाऊन बसले. रुद्रेशने पखवाज त्यांच्यापुढे सरकवला. पहिली थाप अगदीच हलकी पडली. दुसरी जरा बरी. तिसरीला हात दुखला असावा, ओठ घट्ट झाले, पण थांबले नाहीत. मग धुमाळीचा साधा ठेका सुरू झाला, आम्ही लहान मुलांना शिकवतो तेवढा साधा, आणि तो चुकला नाही. कुणीतरी टाळ घेतले.

मी खांबाशी बसून रडले. बायकांना वाटलं भक्तीने रडते आहे, एकीने पाठीवरून हात फिरवला. भक्ती वगैरे काही नव्हती. तीन महिने, सिद्धीने सांगितल्यावरसुद्धा, मी रोज स्वतःला विचारत होते की ती अकरा वर्षं आता साठी ओलांडल्यावर मला पुन्हा जमतील का, आणि रोज उत्तर येत होतं, नाही जमणार. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं मनात येतं ह्याची मला लाज वाटत होती, आणि आता ते सगळं एकदम डोळ्यांतून वाहून जात होतं. इतकं हलकं वाटत होतं की रडणं थांबवावंसं वाटेना.

ठेका संपवून हे माझ्यापाशी आले. "कित्या रडतंस?"

देवळात त्या दिवशी सगळे खरंच बोलत होते, म्हणून मीही सांगितलं. सगळं. मला जमलं नसतं, हेसुद्धा.

ते खाली बसले. अंगठा चोळत होते. "माका हाताचा भय नव्हता गो," म्हणाले. "वीस वर्षां पखवाज वाजवलंय, पुरे झालो. तुका परत ता सगळा करूचा लागतला, हेचा भय होता. म्हणून डॉक्टराकडे येय नव्हतंय."

भजनाची माणसं अजून बसलेली होती, रुद्रेश आमच्याकडे बघत नाही असं दाखवत होता. मी त्यांचा उजवा हात धरला आणि आम्ही दोघं देवळाच्या पायऱ्या उतरून घरी जेवायला गेलो.